अंड्याच्या पोटातली परांची

खारूताई हे तिचं खरं नाव नव्हे. ते वडिलांनी पाडलेलं. धड चालताही येत नव्हतं तेव्हापासून ही पोर खिडकीचे गज धरून वर चढायची, आणि उतरवायला कुणी हात पुढे केला की आणखी एक गज वर सरकायची. पुढे ती मोठी झाली, लग्न झालं, हाताखाली माणसं आली, केसांत पांढरी बट दिसायला लागली, तरी नाव तेच राहिलं. फरक इतकाच, की आता लोक ते आदराने घेत. "खारूताईंना विचारा," म्हणत.

वडील परांची बांधायचे. बांबू, वासे आणि काथ्याचे दोर. इमारतीला रंग द्यायचा असो की गिलावा करायचा असो, सगळ्यांच्या आधी वडील जायचे आणि सगळ्यांच्या शेवटी परतायचे. खारूताईने ते काम हातात घेतलं तोवर बांबूंच्या जागी लोखंडी पाइप आले होते, गाठींच्या जागी क्लॅम्प आले होते, आणि इमारतींपेक्षा कारखान्यांचीच बोलावणी जास्त यायची.

कारखान्यांत ती रमली. उंचीचं तिला कधीच अप्रूप नव्हतं. हौस होती ती आत शिरायची. बॉयलर, चिमण्या, सिमेंटचे उंच बुधले, गॅसचे भलेमोठे गोल. बाहेरून रोज दिसणाऱ्या या वस्तू आतून कशा असतात ते कुणाला ठाऊक असतं? खुद्द मालकसुद्धा आपल्या चिमणीच्या पोटात कधी गेलेला नसतो. पण दुरुस्ती निघाली की आधी परांची लागते, आणि परांची बांधणारा माणूस त्या पोटात पहिला शिरतो. एकदा एका गोल टाकीत तिने एका बाजूला खाकरून बघितलं तर पलीकडच्या भिंतीजवळचा माणूस दचकून मागे वळला, कारण ती त्याच्या कानाशीच खाकरली असं त्याला वाटलं. असलं काही दिसलं, ऐकलं की तिचा दिवस सार्थकी लागायचा.

आणि घरी ते सगळं सांगायला हक्काचं माणूस होतं. ते म्हणजे सासूबाई.

सासूबाईंनी टेलिफोन खात्यात नोकरी केली होती. जन्मभर याची तार त्याला जोडून दिली, पण दोघं काय बोलतात ते ऐकायची सक्त मनाई. त्या साठलेल्या उत्सुकतेची कसर आता त्या सुनेकडून भरून काढत. दुर्दैव असं, की वेळ मिळाला तेव्हा कानांनी दगा दिला. त्यामुळे घरात सगळं बोलणं टिपेच्या सुरात चाले. खारूताईचा नवरा बेकरीत कामाला होता. पहाटे उठून जायचा, त्यामुळे संध्याकाळी त्याचे डोळे मिटायला लागलेले असत. तो म्हणे, "तुमच्या दोघींच्या गप्पा शेजारच्या गल्लीला पाठ आहेत."

अशाच एका संध्याकाळी खारूताई हातपाय धुऊन आली आणि म्हणाली, "आई, उद्यापासून अंड्याच्या आत काम आहे."

"भांड्याच्या आत?"

"अंड्याच्या! सांडपाण्याच्या केंद्रात ती मोठाली अंडी नाहीत का, रस्त्यावरून दिसतात ती."

सासूबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. ती अंडी गावात सगळ्यांनीच पाहिली होती. राखाडी, सिमेंटची, एका रांगेत उभी, शेजारच्या इमारतींच्या डोक्यावरून बघणारी. कुणी म्हणे त्यात पाणी असतं, कुणी म्हणे गॅस. खात्रीने कुणालाच सांगता येत नसे.

"अगं, पण अंडंच का? सरळ चौकोनी टाकी बांधायला काय धाड भरली होती?"

"ते उद्या विचारून येते," खारूताई म्हणाली. खरं तर तिलाही दिवसभर तोच प्रश्न पडला होता.

उत्तर दिलं इंजिनीयर मॅडमनी. केंद्राने दुरुस्तीसाठी नेमलेली ही तरुण बाई बोलताना हाताने हवेत आकार काढायची. ती म्हणाली, "ताई, आत सांडपाण्याचा गाळ मुरत असतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू तो खातात आणि गॅस सोडतात. आता टाकीला कोपरे असले की गाळ कोपऱ्यात जाऊन बसतो आणि तिथेच घट्ट होतो. अंड्याला कोपराच नाही. जड ते घसरत तळाशी येतं, तिथून काढून घ्यायचं. हलकं ते वर मानेशी जमतं, तेही काढून घ्यायचं. मधलं सगळं फिरत राहतं."

"म्हणजे कुणाला दडी मारायला जागाच ठेवली नाही," खारूताई म्हणाली.

"तसंच. फक्त आता त्यात उभं कसं राहायचं, ते तुम्ही मला सांगायचं आणि मी तुम्हाला."

एक अंडं रिकामं करून, धुऊन, पंखे लावून वारा खेळवून तयार ठेवलं होतं. रोज सकाळी आतली हवा यंत्राने तपासायची आणि मगच आत पाऊल टाकायचं. बुडाजवळ माणूस वाकून जाईल एवढं एक तोंड होतं आणि दुसरं वर, मानेशी. खारूताई पट्टा बांधून, कपाळाला दिवा लावून खालच्या तोंडातून आत गेली आणि पहिल्याच पावलाला तिचा पाय घसरला. खाली जमीन नव्हतीच. सगळा उतार, नरसाळ्यासारखा. वर बघितलं तर भिंती दोन्ही हात पसरल्यासारख्या बाहेर जात होत्या, आणखी वर पुन्हा जवळ येत होत्या, आणि सगळ्यात शेवटी वरच्या तोंडाचा उजेड नखाएवढा दिसत होता.

ती तशीच बराच वेळ बसून राहिली. परांचीचा सगळा जीव पायात असतो. सपाट जमिनीवर पाय रोवायचे, त्यावर मजल्यावर मजला चढवायचा. इथे पाय ठेवायलाच जागा नाही आणि एकही भिंत सरळ नाही. आयुष्यात पहिल्यांदा तिला सुरुवात कुठून करायची ते कळेना, आणि खरं सांगायचं तर तिला भारी मजा वाटली.

दुसरी अडचण पाइपांची निघाली. खालच्या तोंडातून लांब पाइप आत सारला की तो पुरता आत यायच्या आधीच समोरच्या उताराला टेकायचा. ना पुढे, ना मागे. तिच्या टोळीत लांब्या नावाचा एक माणूस होता. नावाप्रमाणेच उंच, चांगला चाळिशीचा आणि तोंडाने फाटका. तो बाहेरून ओरडला, "ताई, पाइप म्हणतोय मी येत नाही!" मग ठरलं, की तळाचं काम आखूड पाइपांनी करायचं आणि पोटासाठी लागणारे लांब पाइप वरच्या तोंडातून दोराने सोडायचे.

पायांचा प्रश्न मॅडमनी आणि तिने मिळून सोडवला. उतारावर ठेवलेला प्रत्येक पाय मध्यभागी घसरू बघणार. मग समोरासमोरच्या पायांना एकमेकांशी असं बांधायचं, की हा त्याला रेटेल आणि तो ह्याला. सगळेच घसरू बघतात म्हणून कुणीच घसरत नाही. मॅडमनी ते आकड्यांत मांडलं. खारूताईने उतारावर लाकडी ठोकळे कापून, त्याखाली रबर घालून खरंच उभं करून बघितलं. पहिल्या वेळी एक ठोकळा सटकला. दुसऱ्या वेळी उभं राहिलं.

एवढं जमवून दोघी खूश होऊन बसल्या, तोवर लेपवाले काका आले. भेगा भरायच्या आणि आतून नवा लेप द्यायचा, हे त्यांचं काम. माणूस जुना, कामाचा, पण सकाळी उठल्यापासून कुरकुर करणारा. त्यांनी सगळीकडे दिवा फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. आता मला एवढंच सांगा, जिथे जिथे तुमचा पाय टेकलाय तिथे मी लेप लावायचा कसा?"

प्रश्न बिनतोड होता. उभं राहायचं तर भिंतीवरच राहायला हवं, आणि दुरुस्त करायचं तर तीच भिंत मोकळी हवी.

त्या संध्याकाळी खारूताई घरी भिंतीला टेकून बसली होती. नवरा फरशी पुसत होता. खुर्चीत बसलेल्या सासूबाईंजवळ तो आला आणि म्हणाला, "आई, पाय." त्यांनी एक पाय वर घेतला. त्याने तिथलं पुसलं. "आता दुसरा." त्यांनी पहिला टेकला, दुसरा उचलला. खारूताई ते बघत होती ती एकदम हसायलाच लागली. सासूबाईंना वाटलं आपल्यालाच हसते आहे. त्या फणकारल्या. मग तिला सगळं समजावून सांगावं लागलं, अर्थात ओरडून.

दुसऱ्या दिवसापासून परांचीला जोडपाय आले. एका जागी दोन. दोन्हीच्या खाली फिरवून वर-खाली करता येणारे जॅक. एकाने भार घ्यायचा, दुसरा सैल करून उचलायचा, काकांनी खालची जागा करून घ्यायची, लेप वाळला की अदलाबदल. मॅडमनी सगळा हिशेब नव्याने केला, काही ठिकाणी आडवे पाइप वाढवायला लावले, एका ठिकाणी साफ नाही म्हणाल्या. काका म्हणाले, "बघू." त्यांच्या तोंडी ही मोठीच शाबासकी होती.

मग काम झपाट्याने चढत गेलं. जसजसं पोट रुंदावत होतं तसतसे फळ्यांचे मजले बाहेर सरकत होते, आणि पोटाच्या वर गेल्यावर पुन्हा आत आक्रसत होते. बाहेरून सिमेंटचं अंडं, आत पाइपांचं दुसरं अंडं, आणि दोघांमध्ये काकांचा हात फिरेल एवढीच फट. परांची डुलू नये म्हणून जागोजागी आडवे टेकू भिंतीला लावलेले, टोकाला रबराची गादी बसवलेले. खारूताई रोज घरी आली की सासूबाई विचारत, "आज कुठवर पोचलीस?" आणि ती एका उकडलेल्या अंड्यावर बोट ठेवून दाखवी.

वरपर्यंत बांधून झालं, काकांची माणसं लेपाला लागली, आणि तेव्हाच तो आवाज सुरू झाला.

टक्.

मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्. कुणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावं तसा. सकाळी काही नसायचं. दिवस वर चढला की सुरू व्हायचं आणि दुपार कलताना थांबायचं. सगळ्यांनी आधी एकमेकांवर आळ घेतला. मग एकदा सगळे हातातली हत्यारं खाली ठेवून गप्प उभे राहिले, तरी टक् झालंच. कुठून आलं ते मात्र सांगता येईना. एक म्हणे खालून, दुसरा म्हणे डोक्यावरून, तिसऱ्याला तो आपल्या मागेच ऐकू आला. अंड्याच्या आत आवाजाला घर नसतं. तो सगळीकडून येतो.

लांब्याने त्याचं नाव 'पाहुणा' ठेवलं. "आला बघा पाहुणा," म्हणायचा आणि हसायचा. पण चारदोन दिवसांनी हसणं आटलं. एक जण डबा खायला बाहेर गेला तो परत आत यायला तयार होईना. लांब्या स्वतःच दर टक्‌ला पट्ट्याचा आकडा चाचपून बघायला लागला. केंद्राचे साहेब म्हणाले, "पंख्याचा आवाज असेल हो. कामं चालू ठेवा."

खारूताईला भुताखेतांची भीती नव्हती. तिला वेगळीच भीती होती. वडिलांच्या बांबूच्या परांच्या सतत करकरायच्या, आणि कोणती करकर भाराची आणि कोणती गाठ सुटल्याची, ते वडिलांना झोपेतसुद्धा कळायचं. लोखंड तसं बोलत नाही. बोललं तर त्याला काहीतरी कारण असतं. कुठेतरी क्लॅम्प सरकत असेल तर? ती एक एक क्लॅम्प हाताने पिळून तपासत वरपासून खालपर्यंत उतरली. सगळे घट्ट. तरी दुपारी पाहुणा हजर.

तेव्हा तिने सगळ्यांना बाहेर काढलं. साहेबांना म्हणाली, "आवाज कसला ते कळेपर्यंत माझ्या परांचीवर कामाला कुणी चढणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो, आवाजच तर आहे. काही पडलंय का? काही वाकलंय का?"

"नाही ना. म्हणूनच आत्ता शोधायचं."

मॅडम तिच्या बाजूने उभ्या राहिल्या, म्हणून साहेब गप्प बसले. पण दोघींनाही शोधायचं कसं ते ठाऊक नव्हतं. तो अख्खा दिवस गेला. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलेलं होतं. दोघी आत बसून राहिल्या, कान देऊन. त्या दिवशी पाहुणा आलाच नाही. लांब्या बाहेर म्हणाला, "सुट्टी घेतली वाटतं."

घरी येताना खारूताईचं डोकं भणाणलेलं होतं. जिना चढून ती दारापाशी पोचते न पोचते तोच आतून सासूबाईंचा आवाज आला, "आलीस का गं? आज पाय ओढत आलीस."

ती आत गेली आणि पहिल्यांदाच तिला नवल वाटलं. घंटा वाजली तर या बाईला ऐकू येत नाही, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. ती जवळ जाऊन मोठ्याने म्हणाली, "आई, मी आले ते तुम्हाला कळलं कसं?"

"कळायला काय झालं? पाय जमिनीवर आहेत ना माझे," सासूबाई म्हणाल्या. "जिन्यात कुणी आलं की फरशी सांगते. कान गेले म्हणून सगळंच गेलं की काय? तू दोन-दोन पायऱ्या घेतेस, तुझा नवरा एकेक मोजत येतो. आज तू त्याच्यासारखी आलीस."

दुसऱ्या दिवशी कडक ऊन होतं. खारूताईने टोळीला गोळा केलं आणि आपला बेत सांगितला. सगळ्यांनी वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या बाजूंना पसरायचं. प्रत्येकाने एक पाइप दोन्ही तळव्यांनी धरायचा. दिवे बंद. कानांकडे लक्षच द्यायचं नाही. ज्याच्या हाताला ठोका लागेल त्याने आपला दिवा लावायचा, बाकी कुणी नाही.

"आणि पाहुण्याने माझाच हात धरला तर?" लांब्याने विचारलं.

"तर त्याला माझा नमस्कार सांग."

हसत हसतच, पण सगळे आत आले. लेपवाले काकासुद्धा आले; म्हणाले, बाहेर बसून तरी काय करू. मॅडम मधल्या मजल्यावर थांबल्या. सगळे दिवे मालवले. वरच्या तोंडाचा तेवढा उजेड, बाकी मिट्ट काळोख, आणि त्या काळोखात एवढी माणसं श्वास रोखून पाइप धरून उभी. किती वेळ गेला कुणास ठाऊक. खारूताईच्या तळव्यांना स्वतःच्याच नाडीचे ठोके लागायला लागले होते.

टक्.

वरच्या अंगाला, एकाच बाजूला, तीन दिवे लागले. खाली एकही नाही.

खारूताईने हळूच सांगितलं, "जे अंधारात आहेत त्यांनी त्या दिव्यांच्या आसपास या. सावकाश. पट्टे लावून." सरकासरक झाली. पुन्हा अंधार. पुन्हा वाट बघणं. या वेळी टक् झालं तेव्हा लांब्याचा दिवा लागला, आणि तो ओरडला, "अहो, हाताला चावल्यासारखं झालं!" त्याच्या दोन्ही बाजूंचे दिवेही लागले होते. मधोमध एक आडवा टेकू होता, भिंतीला लागलेला.

सगळे तिथे जमले आणि सगळ्या दिव्यांचे झोत त्या टेकूच्या टोकावर पडले. रबराची गादी चांगलीच चेपली गेली होती, फुगून बाहेर आली होती. भिंतीवर तिच्या खाली काळा ओरखडा उठला होता. ते बघत असतानाच गादी केसभर सरकली आणि टक् झालं. त्यांच्या डोळ्यांदेखत. लांब्याने सुटकेचा एवढा मोठा श्वास सोडला की सगळे हसले.

"पण भिंत हललीय," खारूताई म्हणाली. "टेकू तिथल्या तिथे आहे. भिंत सरकतेय."

मॅडमनी भिंतीवर हात ठेवला. मग वळून त्यांनी आपण कुठल्या दिशेला आहोत ते बघितलं. "ही उन्हाची बाजू आहे," त्या म्हणाल्या. "काल ढग होते म्हणून..." त्या बोलायच्या थांबल्या आणि त्यांचे हात हवेत अंडं काढायला लागले. "ऊन लागलं की बाहेरचं अंग फुगणार हे मी कितीदा तरी आकड्यांत लिहिलंय. पण ते असं दिसतं हे मला माहीत नव्हतं, ताई."

टेकू सैल करून मागे घेतला. गादीच्या खालची जागा मोकळी झाली आणि लेपवाले काका चष्मा वर करून भिंतीला नाक लावून बघायला लागले. मग त्यांनी खिशातून बिडीच्या बंडलावरचा पातळ कागद काढला आणि त्याची कड भिंतीवर टेकवली. कागद आत गेला.

"भेग आहे," ते म्हणाले. "टेकू बसायच्या आधी एका सकाळी ही मी बघितली होती. पुसट रेघ होती नुसती. म्हटलं वरवरची आहे, लेपाखाली जाईल." त्यांनी कागद आत-बाहेर केला. "आता बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी, ऊन यायच्या आत, तिघं पुन्हा तिथे गेले. तोच कागद, तीच जागा. कागदाची कड आत शिरेना. ऊन चढलं आणि पुन्हा शिरला. बाहेरचं अंग तापून ताणलं, की आतल्या बाजूला भेग उघडायची. निवलं की मिटायची. काका त्या दिवशी किती वेळा तरी कागद घालून बघत बसले होते, लहान मुलासारखे. एकदा तर खारूताईला बोलावून म्हणाले, "बघ गं बाई, आत्ता अर्धीच उघडलीय."

मिटलेल्या भेगेत मसाला भरता येत नाही. म्हणून त्या बाजूचं काम ऐन उन्हात करायचं ठरलं. बाहेर आणि आत सारखीच भट्टी असायची, माणसं आलटून पालटून जायची, घामाने निथळत बाहेर यायची. पण काकांनी मसाला भेगेच्या पार टोकापर्यंत पोचवला. खारूताईने उन्हाच्या बाजूचे सगळे टेकू बदलून त्यांना स्प्रिंगच्या गाद्या बसवल्या. पाहुणा पुन्हा आला नाही. लांब्याला मात्र करमेना. दुपार झाली की तो कान टवकारायचा आणि म्हणायचा, "सवय झाली होती हो."

लेप पुरा व्हायच्या बेताला आला तेव्हा तिने सासूबाईंना केंद्रावर नेलं. आत जायची परवानगी मिळणं शक्यच नव्हतं, आणि गुडघ्यांनी साथही दिली नसती. पण खालच्या तोंडापाशी खुर्ची टाकून बसायला साहेबांनी हरकत घेतली नाही. आत सगळे दिवे लावले होते. सासूबाईंनी डोकं आत घालून वर बघितलं. मजल्यावर मजले, पाइपांची वर्तुळं, मोठी होत जाणारी आणि मग लहान होत जाणारी, त्यांत इवली इवली माणसं.

त्या बघतच राहिल्या. खारूताईला वाटलं आता काहीतरी कौतुकाचं बोलतील. त्यांनी डोकं बाहेर काढलं आणि विचारलं, "हे सगळं सोडवणार कशी? वरून सोडवलंस तर लांब पाइप आत अडकले. खालून सोडवलंस तर वरचं डोक्यावर."

"वरूनच सोडवायचं आई. लांब पाइप वरच्या तोंडाने ओढून घ्यायचे, आखूड खालून."

"आणि पाय काढले की त्यांचे लेपावर उठलेले वळ?"

"त्याच्यावर काकांचा शेवटचा हात. तो दोराला लटकून."

"तो बघायला मिळायला हवा होता," सासूबाई म्हणाल्या.

परांची उतरली. नरसाळ्यात उरलेले शेवटचे जोडपाय निघाले, ठोकळे बाहेर गेले. काकांनी दोराला लोंबकळत, शिव्या घालत, राहिलेली ठिगळं पुरी केली. ती वाळल्यावर अखेरची पाहणी करायला खारूताई, मॅडम, काका आणि लांब्या एवढेच आत गेले. आता तिथे काहीच नव्हतं. नुसता गुळगुळीत, चकचकीत उतार, आणि वर रिकामं, गोल, अफाट पोट. मॅडम मान वर करून बघत एक पाऊल पुढे टाकायला गेल्या, पाय निसटला आणि त्या सरळ बसल्या बसल्या घरंगळत तळाशी गेल्या. मग खालून हसण्याचा आवाज आला आणि अंड्याने तो सगळीकडून परत दिला, जणू भिंतीभिंतीतून दहा मॅडम हसत होत्या.

"माझा लेप!" काका ओरडले आणि दोर धरून लगबगीने खाली उतरले. त्यांनी मॅडमना लागलंय का ते विचारलं नाही. उतारावरून हात फिरवत राहिले. एक चराही नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की खारूताईला राहवलं नाही. जन्मभर घसरू नये म्हणून जपलेले पाय तिने उचलले, पट्ट्याचा दोर लांब सोडला, आणि बसून स्वतःला उतारावर ढकलून दिलं. तिच्या मागून लांब्या, लांबचलांब पाय आधी. शेवटी काकाही आले, कुरकुरत, की लेप नीट बसलाय का ते अंगाने तपासलेलं बरं.

तोंडं बंद झाली, बोल्ट आवळले, आत आधी पाणी भरून बघितलं. कुठे थेंब पाझरला नाही. मग गाळ आला, आणि काही दिवसांनी वर मानेशी गॅसही जमायला लागला. मॅडमनी फोन करून सांगितलं, तेव्हा खारूताई दुसऱ्या कारखान्यात एका चिमणीच्या आत होती. विटांची, सरळसोट चिमणी. खाली सपाट जमीन, पाय कुठेही ठेवा. पहिले काही मजले बांधताना तिला चक्क कंटाळा आला.

मग एका मजल्यावर तिच्या लक्षात आलं, की भिंतीतल्या विटा एका ठिकाणी उभ्या लावल्या आहेत. फक्त एकच ओळ, सगळीकडून फिरून आलेली. वर आडव्या, खाली आडव्या, मध्येच ही उभी ओळ. बांधणाऱ्याने असं का केलं असेल? तिने दिवा जवळ नेला आणि खाली हाक मारली, "लांब्या, अरे वर ये जरा. तुला काय वाटतं ते सांग."